तीन नंबर

हर्णैच्या बंदराकडे उतरताना डाव्या हाताला पत्र्याची शेड,
पाटीवरचं अर्धं नाव खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेलं.
आत स्टुलावर नजीर सारंग, आमचा उस्ताद.
पान्याला आता हात लावत नाही,
फक्त विचारतो, "कितीचं इंजिन?"
बोटं दाखवायची. ओरडून उपयोग नाही.
गाडीचा रंग, मालकाचं गाव, सगळं नंतर.

एकचं म्हणजे होडीचं.
पहाटे पुळणीवर ऐकू येतं:
धप्, मग एवढा मोठा रिकामा श्वास,
मग पुन्हा धप्.
बिघडलं तर एक पाना, काथ्याचा तुकडा
आणि एक शिवी पुरते.

तीनची गाडी पावश्यांच्या भागीची.
पापलेटचे खोके घेऊन दापोलीला जाते.
रस्त्यात म्हैस आडवी आली की उभ्या गाडीत आरसा थरथरतो,
आरशातला टेम्पोवालाही.
आसूदच्या चढाला दुसरा टाकावाच लागतो,
बर्फ जास्त असेल तर एसी बंद.
पण प्लग तीनच, कॉइल तीनच,
पेट्रोल नुसतं हुंगते.
भागी म्हणते, "थरथरूंदे की,
मला काय तिच्यात बसून सुईत दोरा ओवायचाय?"

चारचं संसारी इंजिन, असं उस्तादचं मत.
एक दमतो तोवर दुसरा उचलतो.
खर्च होतो, पण सांगून होतो.

सहाची एकच आली होती,
कुवेतहून परतलेल्या काझींची.
उस्तादनं चालू इंजिनावर रुपया उभा केला.
रुपया उभाच राहिला.
जेट्टीवरची माणसं जाळी टाकून बघायला आली.
दोन पावसाळ्यांत गॅस्केट गेलं.
पार्ट पुण्याहून यायचे, मग पुण्याहूनही येईनात.
आता ती माडाखाली आहे,
मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालते.

पूर्वी उस्ताद लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावायचा,
टोक इंजिनाला,
डोळे मिटून, आखातातून ट्रंक कॉल आल्यासारखा.
कोणतं टॅपेट, कोणता पिस्टन, नेमकं सांगायचा.
मग चाळीस वर्षांच्या आवाजानं
आधी डावा कान नेला, मग उजवा.

काल मास्तरांची चारची आली, मिसिंग मारत.
मी बॉनेट उघडलं,
उस्तादचा तळवा धरून हेडवर टेकवला.
बराच वेळ हात तिथंच.
बाहेर लिलाव चालला होता, कावळे, रिक्षा,
त्याला त्यातलं काहीच नव्हतं.
"तीन नंबर," तो म्हणाला.

मी तिसऱ्याची कॉइल सोडवली.
इंजिन आणखीनच लंगडलं. म्हणजे तिसरा कामावर होता.
परत लावली. दुसऱ्याची सोडवली.
काही फरक नाही.
मेला होता तो दुसरा.

उस्ताद माझ्या हातांकडे बघत होता.
मी तीन बोटं वर केली.

त्यानं मान हलवली, चहा सांगितला,
मास्तरांना म्हणाला, "कान गेले, हात आहेत अजून."
मी नवीन प्लग दोनमध्ये बसवला,
त्याच्याकडे पाठ करून.