अंक सातवा, शेवटचं पान

तुझं नाव आता फार तर दोघांना ठाऊक असेल.
त्यातला एक मी, आणि माझाही काय भरवसा.

भोंगेवाला.
अंगात मच्छीमारांचा पिवळा कोट, पाठीला पितळी भोंगा,
डोळ्यांवरची पट्टी पहिल्या अंकात लाल,
तिसऱ्यापासून हिरवी. का, ते कुणी विचारलं नाही.
तुला उडता येत नव्हतं.
गोळी लागली की रक्त यायचं,
आणि पुढच्या अंकातही हात झोळीत असायचा.
दिवसा तू बफेलो बंदरात
धान्याच्या कोठारावर वजनं लिहिणारा कारकून, ऑल्डन प्रुइट.
रात्री एरी सरोवरावरून धुकं चढलं
की निघायचास, मापात पाप करणाऱ्यांच्या मागे.

दहा सेंटला चौसष्ट पानं.
तुझ्या वाट्याला सहा,
तीही मधली, पिनेपाशी पहिल्यांदा सुटणारी.

झिगमुंट मोठ्यानं वाचायचा, मी चित्रं बघायचो.
तोंडाशी दोन्ही हात धरून तो भोंगा वाजवायचा,
असा, की खालच्या मजल्यावरची श्विएर्कबाई
झाडूच्या दांड्यानं छत ठोकायची.

सातव्या अंकात तू कोठाराच्या टोकाला लटकलेला.
खाली जहाजाचं उघडं पोट,
वर दोरीला सुरी लावून मुकादम.
भोंगा हातातून सुटलेला,
अजून खाली पोचायचा.
कोपऱ्यात बारीक अक्षरात: क्रमशः.

आठवा आलाच नाही.
कागद लढाईवर गेलाय, दुकानदार म्हणाला.

चव्वेचाळीसच्या मार्चमध्ये शाळेनं रद्दी मागितली.
शंभर पौंडांना एक बिल्ला, दंडावर शिवायचा.
माझी भरली अठ्ठ्याण्णव.
झिगमुंट तेव्हा इटलीत होता,
त्याच्या पलंगाखालचा खोका मी ओढला.
सात अंक, दोन पौंडांना जरासे कमीच.
ऑर्नडॉर्फ बाईंनी काटा पाहिला, मला पाहिलं,
आणि वहीत शंभर लिहिले.
माझ्यासाठी कुणी मापात पाप केलं ते तेवढंच.

रद्दीचा पुठ्ठा होतो,
पुठ्ठ्याच्या पेट्या, पेट्यांत तोफेचे गोळे.
भिंतीवरच्या चित्रात तसं दाखवलं होतं.

झिगमुंट परत आला. हातपाय जागच्या जागी.
कान तेवढे तिकडे राहिले.
खोक्याचं त्यानं एकदाच विचारलं.
मी खिडकीकडे वळून उत्तर दिलं,
तो ओठ वाचायला शिकलाय
हे मला माहीत होतं.

त्यालाही जाऊन आता चाळीस वर्षं झाली.
बंदरावरचा खरा भोंगा त्याच सुमाराला काढला,
कोठारं रिकामी, त्यांच्यावर कबुतरं.

मी अजून त्याच मजल्यावर, फिलमोर अॅव्हेन्यूला.
धुकं आलं की तू आठवतोस,
दोरीला, त्र्याऐंशी वर्षं.
मुकादमाचाही हात भरून आला असेल.
मला चित्र काढता येत नाही, नाहीतर
निदान एक चौकट,
बरी-वाईट काहीही.

मग तोंडाशी हात धरतो.
कवळी काढलेली असते, नुसती हवा निघते.
तरी जरा थांबतो,
खालून दांडा वाजतो का
ते ऐकत.