अभ्रा

डांबरगोळ्यांचा वास जावा म्हणून
लग्नाची इरकल चार दिवस गॅलरीत टाकली.
हवेवर. म्हणजे रबाळ्याच्या हवेवर.
वन्सं म्हणाल्या, एक वास काढून दुसरा भरतेस.

हुबळीला होमाचा धूर असणार,
कुणाची तरी उशी, कुणाच्या तरी गोधड्या.
बॅगेत पहिला गेला माझा अभ्रा,
पाटल्यांच्याही आधी.

एक निळा पंप पर्समध्ये,
दुसरा निळा वन्संच्या पिशवीत, बाकरवडीखाली नको.
तपकिरी दात घासायच्या ब्रशाला रबरानं बांधला.
निळ्याच्या पाठीवरचा आकडा: एकसष्ट.
पुरेल. तीनच दिवस तर आहेत.
तरी पुन्हा पाहिला.

सकाळी नळीत फुंकलं, तीनशे दहा.
कॅलेंडरवर लिहिलं,
दुधाच्या खाड्याशेजारी.

मग वन्संना बसवलं सोफ्यावर.
आधी टोपण काढायचं, मग हलवायचा.
घाबरलं की माणूस टोपणासकट दाबतो,
मीच दाबला होता, बेलापूरच्या मांडवात.
त्यांनी नळकांडं तोंडाला लावलं,
डोळे मिटले, बोटांवर दहा मोजले,
आणि फिसकन हसल्या.
कडेला त्यांच्या लिपस्टिकचा डाग.
पुसला नाही मी लगेच.

सानपाड्याच्या पुलाखाली साडेनऊची बस
दहाला आली.
ड्रायव्हरनं गणपतीपुढे तीन उदबत्त्या लावल्या.
मी पर्सची चेन चाचपतेय,
तोवर वन्सं उभ्या राहून
गंजलेल्या खिडकीशी झटत होत्या.