आणीबाणीचे दहा पौंड

सकाळी सव्वासहाला वीज गेली.
म्हणजे गेली नाही, संपली.
ज्यांच्या घरी बिल महिन्याने येतं
त्यांच्याकडे वीज जाते. आमच्याकडे संपते,
साखरेसारखी.
किल्ली काढली, मीटरमध्ये पुन्हा खुपसली,
पडद्यावर अक्षरं सरकली:
आणीबाणीचे दहा पौंड. घेणार?
घेतले. आमच्या जिन्याखाली
आणीबाणी अशी लागू होते, बटण दाबून.

ग्रिम्सबीत बुधवारी
म्हाताऱ्या बायकांचे केस निम्म्या दरात.
बेरिल येते. एकतीस वर्षं मासळीच्या कारखान्यात
हॅडक सोलून बोटं वाकलेली,
मासिकाचं पान तिला तळव्याने उलटावं लागतं.
"ही बघ, क्लेमेंटाइन हॉथ. कफल्लक झाली म्हणे."
टीव्हीवर केक करणारी ती बाई.
समुद्रावरचं घर विकलं. दुसरं.
मुलाखतीत सांगते, मीही आता डाळ भिजत घालते,
शिळ्या पावाचा चुरा फ्रीजरमध्ये जपते,
अंथरूण पाहून पाय पसरायला शिकले.
"अंथरूण आहे तेवढंच आहे," बेरिल म्हणाली,
"पाहुण्यांची खोली गेली फक्त."

शॅम्पू करणारी कीली चिडली.
"दुःख ते दुःखच ना? नवराही सोडून गेला तिला."
झालं, दुकानात दोन तट.
ड्रायरच्या घरघरीवर आवाज चढवून
आधी हॉथबाई, मग बजेट,
मग संसदेतल्या कुणाचे तरी बूट, कितीचे होते ते.
हॉथबाईच्या कर्जाचा आकडा सगळ्यांना तोंडपाठ.
शेजारच्या खुर्चीतलीचं भाडं किती थकलंय
हे कुणी विचारत नाही.
तेवढी सभ्यता आम्ही पाळतो.

जाताना बेरिलने पाकीट ठेवलं.
साडेनऊ पौंड, अर्धे चिल्लरीत,
आणि वेगळ्या कागदात गुंडाळून एक पौंड
कीलीसाठी. वाद झाला होता तरी,
किंवा म्हणूनच.

गुरुवारी बसने पाऊण तास, टेकड्यांकडे,
मिसेस वॉर्डलॉच्या मुळांना रंग लावायला.
त्यांच्या स्वयंपाकघरात फरशी आतून तापते,
मांजर तिच्यावर पाण्यासारखं पसरलेलं.
विजेचं बिल बँकेतून परस्पर जातं,
परस्पर जातं म्हणून त्यात सूट मिळते.
"हॉथचं वाचलंस? आमच्या ओळखीतलीच ती.
तुमच्याकडे काय म्हणतात गं लोक?"
तुमच्याकडे. माझ्या हातात ब्रश,
त्यांच्या मानेवर टॉवेल,
मी अख्ख्या ग्रिम्सबीच्या वतीने म्हणाले,
"बिचारी."

मग त्यांनी पर्स उघडली, मिटली.
"रोख नाहीच बघ घरात. पुढच्या वेळी एकदम देते."
हा तिसरा गुरुवार. एकशे सव्वीस पौंड.
निघताना हातात मुरंब्याची बरणी दिली,
स्वतःच्या झाडाच्या फळांचा, लेबल स्वतः लिहिलेलं.
वाईट बाई नाही ती.
वाईट असती तर मागायला सोपं गेलं असतं.

परतताना कोपऱ्यावरच्या दुकानात
किल्लीवर वीस पौंड भरले.
मीटरने आधी स्वतःचे दहा कापून घेतले
आणि मग दिवा लावला.
त्याला पुढच्या वेळी हा शब्द शिकवलेला नाही.

रात्री फोनवर हॉथबाई आली.
पांढरी भिंत, बाही दुमडलेली, डोळे खरंच सुजलेले.
शिळा पाव, थोडं दूध, मूठभर मनुका,
वरून असेल तो मुरंबा.
मी शेवटपर्यंत पाहिलं.
बुधवारी बेरिलला सांगणार नाही,
पण युक्ती चांगली आहे. मुरंबाही आयता आहे.
चाळीस मिनिटं ओव्हन लागतो,
एवढंच.