डावा तेरा, उजवा साडेचौदा

"सकाळी नका येऊ, बाई. सकाळी पाय खोटं बोलते.
दिवसभर राबा, मंग सहा वाजता या."
म्हणून ऑफिस सुटल्यावर, वीजबिलांच्या तक्रारी
टेबलावर तशाच पालथ्या ठेवून
कामठीला गेले.
छावणीमागच्या गल्लीत अंताराम सोनेकरांचं दुकान,
जे दुकानासारखं दिसत नाही.
फळीवर लाकडी पाय उभे:
एक कर्नल, कर्नलची मुलगी, एक दातांचा डॉक्टर,
आणि कोणीतरी बदली होऊन गेलेलं, पैसे न देता.

सदरच्या शोरूममध्ये मुलगा म्हणाला होता,
मॅडम, साइझ तर बरोबर आहे.
उजवी चेन पोटरीवर अडकलेली,
डाव्या बुटात माझी अख्खी मूठ जात होती.
साइझ बरोबर होती. मीच नव्हते.

"गुडघा वाकवा."
खाली जुना पेपर, निविदांचं पान.
पेन्सिल टाचेला वळसा घालून गेली,
गुदगुल्या झाल्या, हसले नाही.
मग टेप. घोट्याला, घोट्याच्या वर चार बोटं,
पोटरीला, थेट गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत.
डाव्या पायाशी टेप थांबली आणि
मी सुरू केलं: ते काय आहे ना, पंचशील चौकात,
स्कूटीवर होते, ट्रकवाल्यानं, आत रॉड आहे, नऊ महिने
"तेरा," ते म्हणाले.
नातू वहीत लिहीत होता.
"उजवा, साडेचौदा."

बस.
चार वर्षांत त्या पायाबद्दल
एवढं थोडक्यात कोणी बोललं नव्हतं.
बहीण म्हणते, साडीत दिसत नाही गं.

"घोडा कोनता?"
हवालदार. पोलिसातून रिटायर झालेला,
उजव्या डोळ्यानं कमी दिसतं त्याला.
"मंग तो बी सारखा नाही,"
आणि एवढ्यावर खूश झाले.
"उंची दोन बोटं जास्त ठेवतो. पहिला महिना
मांगून रुतन, शिव्या द्यान मले.
मंग चामडं घोट्यात बसते, सुरकुत्या पडते,
अन् बूट आपल्या जागी येते."

तुम्ही बसलात कधी घोड्यावर?
मी विचारलं, उगाच,
ॲडव्हान्सचे चार हजार मोजताना.
"लग्नात बसनार होतो."
नातवाचं पेन थांबलं.
"घोडा आला होता. मांडवापर्यंत आला होता.
मंग गावातले चार लोकं बी आले."
त्यांनी दोन कातडी दाराच्या उजेडात धरली.
"काया पाह्यजे का कथ्था?"
कथ्था, मी म्हणाले.
तेवढंच म्हणता आलं.

एप्रिलच्या शेवटी बूट मिळाले. त्रेचाळीस डिग्री.
पहाटे साडेपाच, काटोल रोडचं मैदान,
मोज्यांवर पावडर, दोन्ही आकड्यांनी ओढून, दात खाऊन
चढवले. रुतले. शिव्या दिल्या.
हवालदार मान वळवून, चांगल्या डोळ्यानं
हे सगळं बघत उभा.
पण रिकिबीत नेहमी डुगडुगणारा माझा डावा पाय
त्या दिवशी कोणीतरी धरून ठेवला होता,
पायाला न सांगता.

"महिन्यानं दाखवाले आना. धुवून नका आनू,
घाम पाह्यचा आहे मले."

तर मे अखेर, पिशवीत गुंडाळून, बसमध्ये
शेजारची बाई पदर नाकाला लावून बसलेली,
मी ते घेऊन गेले.
त्यांनी डावा बूट आडवा घेतला.
आतल्या बाजूला, जिथं घोड्याची बरगडी लागते,
तिथली काळपट चकाकी अंगठ्यानं चाचपली.
मग बूट नाकाशी नेला.
बराच वेळ.
रस्त्यावरून कुलरच्या गवताची हातगाडी गेली,
तिचा आवाज वळणापलीकडे गेला, तरी.

"हरभरा खाते ना हा?"
हो, भिजवलेला.
"डाव्याले अजून दोन सूत आत घेऊ," नातवाला म्हणाले,
"लिही."
त्यानं लिहिलं.
बूट काही त्यांनी खाली ठेवला नाही.