एकावर एक

फायनल साडेनऊला, आणि हायमास्ट विझवता येणार नाही,
गोठिवलीचे भोईरशेठ म्हणाले,
मॅटवर काळोख करून चढाई कोण मारणार?
त्या उजेडात माझा एकटा प्रोजेक्टर
म्हणजे पडद्यावर नुसता ओघळ.
खेळाडू धुवून धुवून विटलेल्या बनियनवरच्या नंबरासारखे.
चौतीसशे तास जळलेला दिवा, त्याला काय बोलणार.
त्याचा जोडीदार कळव्यात होता, एवढं मला ठाऊक होतं.

एकाच दिवशी एकाच टेम्पोतून आणलेले दोन खोके.
वाटणीत एक मला, एक रोहिदासला.
पडदे मला, टेम्पो त्याला.
‘केणी बंधू’ लिहिलेली पाटी कोणीच मागितली नाही,
ती माझ्या गाळ्यात तोंड भिंतीकडे करून उभी आहे.
सहा वर्षं.
फोन मी केला. भाडं काय घेशील, एवढंच विचारलं.
त्यानंही नुसता आकडा सांगितला.

साडेसहाला आला.
खालच्या कप्प्यात माझा, वरच्यात त्याचा,
मध्ये चार बोटं जागा, वाऱ्याला.
अर्धा तास दोन्ही नुसते तापू दिले.
थंड मशीन जुळवायचं नसतं,
तापलं की भिंग सरकतं, जुळलेलं सुटतं,
हे त्याला मीच शिकवलेलं.
त्यानं मोबाइलवर तीस मिनिटं लावली
आणि पाठ करून उभा राहिला.

मग जाळी टाकली. माझी लाल, त्याची हिरवी.
रेघेवर रेघ बसली की पिवळं होतं,
नाही बसली की दोघांचे रंग उघडे पडतात.
वर. अजून. थांब.
गेलं. परत ये.
डावा कोपरा आला की उजवा जायचा.
सहा वर्षांत इतकं बोललो नव्हतो,
आणि सगळं कोपऱ्यांबद्दल.

पांढरा टाकून पाहिला, हातानं आलटून पालटून झाकत.
माझा जुन्या धोतरासारखा पिवळट,
त्याचा नव्या ट्यूबसारखा निळसर.
मी म्हणणार होतो, दिवा बदलायचाय रे, पुढच्या महिन्यात.
त्यानं मेनू उघडला
आणि आपला निळा उतरवत नेला,
एक एक टिंब,
माझ्या पिवळ्याजवळ येईपर्यंत.
रिमोट खिशात टाकला.

दोन म्हणजे दुप्पट नव्हे, डोळा हिशेबाला कच्चा असतो.
शिवाय काळ्याचीही बेरीज होते,
दोघांचा काळा मिळून करडा.
पण चेहरे आले. शेवटच्या खुर्च्यांपर्यंत आले.

शेवटच्या चढाईला बोनकोड्याचा पोरगा बोनसला गेला.
सगळं मैदान एकदम उठलं,
आमच्या खालच्या फळ्या हादरल्या,
आणि रिप्लेत
एक पाय, दोन अंगठे, दोन रेषा.
याचा अंगठा त्याच्या रेषेपलीकडे,
त्याचा याच्या रेषेवर.
अर्धे ओरडले, दिला! अर्धे, नाय!
पंचाचा हात कधीच खाली गेलेला,
पण त्याच्याकडे बघतंय कोण.

आम्ही एकाच वेळी वाकलो, डोकी आपटली.
तू नको हलवू, तो म्हणाला. मी येतो.
त्याच्या मशीनचा पुढचा पाय अर्धा आटा फिरला.
अंगठ्यावर अंगठा. रेघेवर रेघ.
अलीकडेच होता. केसभर.
मैदान इतकं गप्प झालं
की दोन्ही मशीनचे पंखे ऐकू आले,
एकाच कंपनीचे, तरी सूर वेगळा.

बारा वाजता पैसे दिले, त्यानं मोजून घेतले.
केबल आपापल्या गुंडाळल्या.
टेम्पो सुरू करून पुन्हा उतरला,
दादूस, झाकन, म्हणाला,
आणि माझ्या हातात भिंगाचं झाकण ठेवून गेला.

गाळ्यात येऊन पाहिलं तर आतल्या बाजूला
खिळ्यानं कोरलेला ‘रो’.
माझं त्याच्याकडे गेलं असणार.
लावून बघितलं.
बसतं. दोन्हीला बसतं ते.