रकाना सातवा

रिब्निकच्या रोजगार कार्यालयात, दुसऱ्या मजल्यावर,
माझ्या टेबलासमोर दोन खुर्च्या आहेत.
एक माणसासाठी,
दुसरी त्याने काढून ठेवलेल्या टोपीसाठी.

मंगळवारी तेओफिल आला. वय त्रेचाळीस,
त्यातली एकोणीस वर्षं जमिनीखाली.
पापण्यांच्या मुळाशी कोळशाची रेघ,
काजळ घातल्यासारखी. साबणाला दाद न देणारी.

कौशल्ये? मी विचारलं. रकाना सातवा.
पाच ओळी, पहिलीवर आधीच छापलेलं : संगणक.

तो म्हणाला, मला छत ऐकू येतं.

मी वर पाहिलं. ट्यूबलाइट गुणगुणत होती.
हे नाही, तो म्हणाला. खालचं.
टेकू आता लोखंडाचे असतात,
पण एखादा लाकडाचा ठेवायचो आम्ही, मुद्दाम.
लोखंड गुमान सोसतं आणि एकदम दगा देतं.
लाकूड आधी कुरकुरतं.
किती कुरकुरलं की डबा उघडायचा
आणि किती कुरकुरलं की डबा टाकून पळायचं
हे मला कळतं.

मी लिहिलं : धोक्याचे मूल्यमापन.
त्याने उलट्या बाजूने वाचलं.
असं म्हणतात होय त्याला, म्हणाला,
आणि जरा ताठ बसला.

दर सोमवारी माझ्याकडे मागण्यांचा तक्ता येतो.
महामार्गालगतच्या गोदामाला फोर्कलिफ्टवाले हवेत, रात्रपाळीला.
बॅटरीच्या कारखान्याला असे हात, ज्यांच्यावर धुळीचा कणही चालत नाही.
वृद्धाश्रमाला उचलू शकणारी माणसं,
तीही न दुखवता.
(तिथे मी कोळसा निवडणारी ओतिलिया पाठवली होती.
आता म्हणते, दगड बरे होते,
दगड माझं नाव विसरत नव्हते.
पण सोडत नाही ती नोकरी.)
आणि पवनचक्क्यांना, उत्तरेला, समुद्राकडे,
उंचीला न भिणारे.

उंची? तेओफिलने विचारलं. किती?
नव्वद मीटर.
तो हसला. आम्ही सातशे उतरायचो, बाई.
उलटं धरलं फक्त.

छंद, रकाना अकरावा : शर्यतीची कबुतरं, बेचाळीस.
वाऱ्याचं ज्ञान, असं मी लिहू शकले असते.
लिहिलं नाही. सगळंच काही विकायला काढू नये.

त्याच आठवड्यात माझाही फॉर्म आला.
जानेवारीपासून माणूस आणि काम यांची जोडी
नवी प्रणाली लावणार आहे, चार सेकंदांत.
मला लागतात चाळीस मिनिटं आणि दोन कप चहा.
रकाना सातवा. पाच ओळी.
मी पेन घेऊन बसले, चहा निवला.
टोपी खुर्चीवर ठेवतो तो माणूस थांबणार आहे,
टोपी मांडीवर ठेवतो तो मनाने निघून गेलेला आहे,
हे कोणत्या शब्दात बसवायचं?
शेवटी छापलेल्या शब्दापुढे खूण केली
आणि उरलेल्या चार ओळी कोऱ्या सोडल्या.

मार्चमध्ये त्याचा फोन आला, उस्तकाहून.
वारा इतका, की निम्मे शब्द मला वाटेतच हरवलेले मिळाले.
प्रशिक्षण संपत आलंय. पाय दुखतात.
गिअरबॉक्समध्ये काहीतरी कुरकुरतं असं तो म्हणाला,
पडद्यावर सगळे दिवे हिरवे होते,
शिक्षक पोरगा पंचविशीचा, पण त्याने उघडून पाहिलं.
मग? मी विचारलं.

त्याचं उत्तर आलंच नाही, की वाऱ्याने नेलं, कोण जाणे.
म्हणाला, काल वर होतो,
कुणाची तरी कबुतरं खालून गेली.
बाई, तीस वर्षं पाळतोय,
पण उडताना मी त्यांची पोटंच पाहिली होती.
पाठ काल पाहिली.