गुलाबी म्हणून दिलेलं झाड

पारोळा रस्त्यावरच्या रोपवाटिकेत
बुंध्याला तारेनं चिठ्ठी बांधलेली:
गुलाबी शिरीष, नव्वद रुपये.
शेजारी फोटो. फूल म्हणजे
पावडरच्या डब्यातला मऊ पफ.
मंजुळा म्हणाली, हेच.
मी घासाघीस केली, पाच रुपये सुटले,
आणि एसटीत मांडीवर उभं धरून
आणलं त्याला अमळनेरला
अर्धं तिकीटही न काढता.

आमच्या काळ्या जमिनीचा भरवसा नाही.
पावसात लोणी, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेग.
म्हणून खड्डा दोन हात खोल,
तळाला विटांचे तुकडे,
बोरी नदीची वाळू चार पाट्या,
वर्षभर मुरलेलं शेणखत.
पिशवी ब्लेडनं कापली, मातीचा गोळा न फोडता.
ह्याचं मूळ सोटासारखं खाली जातं,
एकदा दुखावलं की वर्षभर रुसतं.

पहिली दोन वर्षं आठवड्याला दोन बादल्या.
मंजुळा चोरून तिसरी ओतायची.
मग पानं पिवळी,
मग मी गप्प, मग तीही.

तिसऱ्या श्रावणात हिरव्या अळ्या पडल्या.
पानांच्या नुसत्या शिरा उरल्या, माशाच्या काट्यासारख्या.
निंबोळ्या ठेचल्या, रात्रभर भिजवल्या,
जुन्या धोतराच्या तुकड्यातून गाळून पंपानं मारल्या.
आठ दिवस अंगाला कडू वास.
ज्या वाचल्या, त्यांची पिवळी फुलपाखरं झाली
आणि मंजुळानं विचारलं,
मारली ती पण हीच होती का हो?

एकतीस वर्षं मी डेपोत गाड्यांच्या वेळा पुकारल्या.
आता त्याच जुन्या नोंदवहीत लिहितो:
पानं मिटली, सहा बावन्न.
पानं मिटली, सहा एकोणचाळीस, ढगाळ.
समोरासमोरची पानं अशी मिळतात
जसा कंडक्टर शेवटच्या फेरीनंतर
तिकिटांचा पेटारा मिटतो.
चोपडा गाडी कधी एवढी वेळेवर नव्हती.

सहाव्या वर्षी, वैशाखात, कळ्या.
मंजुळा रोज स्टुलावर.
आणि उमललं ते पांढरट, हिरवट, टोकांना पिवळसर,
माझ्या दाढीच्या ब्रशासारखं.
गुलाबी कुठेच नाही.

दूधवाला तापीराम सायकल टेकवून हसला:
"गुलाबी कसाना दादा, हाऊ ते आपला शिरस शे!
धुळाना रस्ताले रांग शे यास्नी."

मी गेलो पारोळा रस्त्याला, भांडायला.
रोपवाटिकेच्या जागी प्लॉट पडले होते,
चुन्याच्या रेघा, आणि एक कुत्रं.

मंजुळा म्हणाली, तोडून टाका.
मी पुरावा म्हणून चिठ्ठी शोधायला वाकलो.
तारच दिसेना.
सहा वर्षं पाणी मोजलं, अळ्या वेचल्या,
मिनिटं लिहिली,
आणि तार सैल करायची तेवढी राहिली.
साल तिच्यावरून चढली होती,
अंगठी अडकलेल्या बोटासारखा फुगला होता बुंधा.
पकडीनं निम्मी तार निघाली.
निम्मी आत आहे. आता ती झाडाचीच.
चिठ्ठीवर वाचता आलं ते फक्त: बी शि.

त्या रात्री पारा उतरलाच नाही.
अंगणात दोन बाजा, मध्ये माठ.
कुठल्या तरी वेळी
वारा नसताना वास आला,
आधी थोडा, मग माठातल्या पाण्यालासुद्धा.
मंजुळा जागी होती. काही बोलली नाही.
मीही नाही.

मग मी म्हणालो, पौषात शेंगा वाळतील,
रात्रभर खुळखुळतील, झोप यायची नाही तुला.
वाजू देत, ती म्हणाली.

बऱ्याच वेळानं, मला डोळा लागता लागता:
"पंच्याऐंशी रुपये."
आणि तिनं कूस वळवली
झाडाच्या बाजूला.